कुडातली कारवी

नव्या वस्तूने आधी देवापुढचा दिवा बघायचा आणि मग घरातल्यांचे हात, असा सकुबाईच्या घरचा रिवाज होता. कोयता असो, बियाण्याची पिशवी असो, नाहीतर स्वरूपची मोटरसायकल. हळदकुंकू लागल्याशिवाय तिच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा निघायचं नाही.

म्हणून आदल्या संध्याकाळी स्वरूप ठाण्याहून कामावरून आला आणि चिकटपट्टीने गुंडाळलेलं पुडकं त्याने बायकोच्या हातात दिलं, तेव्हा दर्शनाने ते नुसतं चाचपलं. बोटांना पेन्सिली लागल्या. कागदाची जाड गुंडाळी लागली. नाकाशी धरून तिने वास घेतला आणि पुडकं देव्हाऱ्यात ठेवून दिलं. सासू बघत होती. ती आधीच या सगळ्यावर नाराज; त्यात रिवाज मोडून आणखी निमित्त कशाला द्यायचं?

पहाटे दिवा लावला, पुडक्याला कुंकू लावलं, पट्टी सोडवली.

पेन्सिली होत्या. छान होत्या, गर्द हिरव्या, सोनेरी अक्षरांच्या. पण प्रत्येकीच्या बुडाशी एच. दोन एच, चार एच, सहा एच.

दाराशी स्वरूप बुटांच्या नाड्या बांधत होता. आटगावला जाऊन गाडी पकडायची होती त्याला.

"अहो, ह्या कुठल्या आणल्यात?"

"तू सांगितल्यास त्याच. दोन नंबर, चार नंबर, सहा नंबर. बघ ना."

"नंबर तेच आहेत. पण मी बी सांगितल्या होत्या. ह्या एच आहेत."

"मोबाईल बंद पडला ना ऐन टाइमाला. तुझा मेसेज उघडेना. दुकानदार बोलला, एच देऊ का बी? मी बोललो, फरक काय? तो बोलला, एच कडक, बी मऊ." स्वरूपने मान वर केली. "मऊ कशाला घेऊ? दोन दिवसांत झिजून जाईल. कडक घेतली. टिकेल."

हसावं की रडावं ते तिला कळेना. या घरात सगळी खरेदी अशीच व्हायची. चप्पल घेताना तळ वाकवून बघायचा, बादली घेताना बुडावर टिचकी मारायची, दोर घेताना दोघांनी दोन टोकं धरून ताणायचा. टिकते ती वस्तू चांगली. चित्राची पेन्सिल झिजण्यासाठीच असते, झिजेल तेवढं काळं देते, हे त्याला कोण सांगणार होतं? तिनेच सांगायला हवं होतं.

कागदाचंही तेच. लग्नपत्रिकेसारखा जाड, गुळगुळीत, उजेड परतवणारा. तिने सहा एच ओढून बघितली. पिकल्या केसासारखी रेघ उठली. दाबून ओढली, तर कागदाला चर पडला. काळं काही आलं नाही.

"आणि कोळसा सांगितला होता तो?"

स्वरूप ओशाळला. "मला वाटलं मस्करी केलीस. कोळसा कोण विकत घेतं गो?"

"आज माणूस समोर बसवून काढायचाय. सावली लागते, काळं लागतं. ह्याने त्या माणसाचं भूत निघेल."

"मग मी सुट्टी टाकतो. शहापूरला जाऊन बघतो कुठे..."

"दुकानं दहाला उघडतात. मला दहाला तिथे बसायचंय. तुम्ही जा, गाडी चुकेल."

तो उठला, दोन पावलं गेला, परत आला. "रागावलीस?"

"नाही हो."

"आईला सांगू नको मी चुकीचं आणलं ते. उगीच तिला जोर येईल."

तो गेल्यावर पुडक्यात खाली राहिलेली एक वस्तू तिला दिसली. दोन भोकांचं लोखंडी शार्पनर. हे तिने सांगितलंच नव्हतं. एक भोक बोथट झालं तर दुसरं असावं म्हणून त्याने आपणहून घेतलेलं. दिवसभर उभ्याने काम करून, पुन्हा ठाण्याच्या बाजारात तो हे शोधत फिरला होता. दर्शनाने एक सहा एच आणि ते शार्पनर पिशवीत टाकलं. उपयोग होईल म्हणून नाही. तसंच.

मग ती ओट्यावर येऊन उभी राहिली. समोर शेतावर धुकं होतं, भाताचे खुंट दवाने भिजले होते, आणि तिच्याकडे काळं करणारं काहीही नव्हतं.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलामुलींची एक निवासी शाळा होती. तिथले चित्रकलेचे सर दिवाळीनंतर आलेच नाहीत, म्हणून त्या जागेवर कोणीतरी हवं होतं. निरोप आला तो परवा. प्रत्यक्ष व्यक्तिचित्र काढून दाखवायचं, साहित्य ज्याचं त्याने आणायचं. दर्शनाकडे कलाशिक्षकाची पदविका होती. लग्नाआधी कल्याणला जाऊन येऊन दोन वर्षं केलेली. त्यानंतर लग्न, मग राही. तेव्हाचं सामान माहेरी पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं, त्याची उंदरांनी वाट लावली.

परवा जेवताना सकुबाई म्हणाली होती, "जा. मी येतेन पोर धरायला. पण एकदाच. तिथं नाय झालं तर परत ह्या चित्राचं नाव काढायचं नाय. पोरगी अंगावर पितेय, गाय व्यायला झालीय आन तू रेघा मारीत बसणार."

स्वरूप भाकरी चावत राहिला होता. दर्शना "बरं" म्हणाली होती. आणि या घरात एकदा बरं म्हटलं की ते परत घेता येत नव्हतं.

गोठ्यात गाय हंबरली. दर्शनाचं लक्ष तिकडे गेलं, आणि गेलं ते गोठ्याच्या कुडावरच थांबलं.

घर सिमेंटचं झालं तरी गोठा जुनाच होता. कारवीच्या काड्या एकीला एक लावून उभ्या केलेल्या, वरून शेणमातीने लिंपलेल्या. मुरबाडच्या डोंगराकडे, म्हसा गावाच्याही पुढे, तिच्या माहेरी अख्खं घर असं होतं. तिचे वडील, महादू, दर पावसाळ्यानंतर कूड नवा करायचे आणि उरलेली कारवी चुलीत जायची. त्या अर्धवट जळक्या काड्यांनी दर्शनाने पहिली चित्रं काढली, आणि लिंपलेली भिंत काळी केली म्हणून पहिला मारही खाल्ला. पुढे कल्याणला शिकताना विकतचा कोळसा संपला की ती सुट्टीत घरी येऊन कारवी भाजून न्यायची. बारीक, सरळ, आतून भेंडाची काडी. तिचा कोळसा मऊ व्हायचा, काळाभोर.

तिने मागे वळून बघितलं. सासू म्हशीची धार काढून दूध द्यायला डेअरीवर गेली होती. राही झोपली होती.

गोठ्याच्या मागच्या कोपऱ्यात खाली, जिथे लिंपण आधीच सुटलं होतं, तिथे दर्शनाने बोटं घातली. पोपडे पडले. एक काडी उपटली, दुसरी, तिसरी. मग ती मोजायची थांबली. हात आत जाईल एवढं भगदाड पडलं. आतून गाईचा गरम श्वास हाताला लागला. "गप गो, गप," ती गाईला म्हणाली, आणि स्वतःलाही.

काड्यांची माती खरवडली, साल काढली, बोटाएवढे तुकडे केले. आता घट्ट झाकणाचा डबा हवा. घरात तसा एकच होता, राहीच्या नाचणीसत्त्वाचा. सत्त्व वाटीत ओतलं, डबा काड्यांनी ठासून भरला, झाकणाला खिळ्याने एक भोक पाडलं आणि अंगणातल्या आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत, निखाऱ्यांच्या मधोमध डबा रोवला.

थोड्या वेळाने भोकातून पांढरा धूर शिट्टीसारखा निघायला लागला. हे बरोबर होतं. धूर पिवळा होतो, पातळ होतो, मग थांबतो. थांबला की डबा बाहेर काढायचा, भोकावर माती थापायची आणि पूर्ण गार होईपर्यंत हात लावायचा नाही. आत वारा गेला की कोळसा पेटतो. मग उरते ती राख. एवढंच शास्त्र. पण घाईच्या माणसाला ते जमत नाही, आणि आज घाई तर गळ्याशी आली होती.

धूर थांबला. दर्शनाने चिमट्याने डबा ओढला, चुलीच्या कडेला ठेवला, भोकावर चिखल दाबला. तेवढ्यात आत राही उठली. आधी कुरकुर, मग हंबरडा. तिला घेऊन, पाजत, एका हाताने पिशवी भरत असताना तिला अंगणात किटलीचा आवाज आला.

"ह्ये काय! पोरीचा डबा चुलीत घातला का काय कोणी!"

"आई, नका उघडू!"

दर्शना राहीला छातीशी धरून धावली. पण सकुबाईने पदर गुंडाळून झाकण उपटलं होतं. आतल्या काड्यांच्या टोकांवर लाल ठिणग्या फुलल्या, वाऱ्याने सरसर खाली धावल्या. सकुबाई मागे सरकली, "आग लागली, आग लागली," म्हणत तिने हंड्यात तांब्या बुचकळला आणि पाणी डब्यात ओतलं.

चुर्र झालं. कोळसा फुटायचा बारीक कडकड आवाज आला. वाफ गेली आणि डब्यात काळं पाणी उरलं.

राहीने मध्येच दूध सोडून आजीकडे बघून हसून घेतलं.

"मला वाटलं सत्त्व जळतंय," सकुबाई म्हणाली. "काय घातलंस त्यात?"

"कोळसा करत होते. चित्राला."

"चित्राचं सामान आणलं ना त्याने काल?"

दर्शनाने राहीला खांद्यावर घेतलं. सासूची नजर डब्यातून बाहेर आली, अंगणात पडलेल्या सालींवर गेली, सालींवरून मातीच्या पोपड्यांवर आणि पोपड्यांच्या मागाने गोठ्याच्या कोपऱ्यावर.

"कूड फोडलास?" आवाज चढला नाही, उलट खाली आला, आणि तेच वाईट होतं. "गाय आज व्यायची का उद्या. पौषाची थंडी. आन तू तिच्या पाठीशी भगदाड पाडलंस? मी हातांनी लिंपलाय तो कूड. ह्या हातांनी."

"आल्यावर लिंपते, आई. आत्ता गोणपाट लावते."

"लाव. आन मग बघू तुझं चित्र."

दर्शनाने गोणपाट लावला. डबा उपडा केला. बहुतेक तुकड्यांचे कणकण झाले होते. तळाशी दाटीत अडकलेल्या काही काड्या मात्र शाबूत होत्या. अर्ध्या भिजलेल्या, अर्ध्या नुसत्या दमट. ओला कोळसा कागदावर उमटत नाही, करकरतो. पुन्हा भाजायला वेळ नव्हता. तिने त्या काड्या राहीच्या जुन्या मऊ लंगोटात गुंडाळल्या आणि कमरेला, साडीच्या आत, अंगाशी खोचल्या. पाठीमागच्या पडवीतून जेवायला बसायचा पाट घेतला, कपडे वाळत घालायचे चिमटे घेतले. बोर्ड म्हणून पाट चालतो. माणूस बसतो त्यावर, कागद बसणार नाही का?

सकुबाई पुढे, कडेवर राही. मागे पाट घेऊन दर्शना. दोघी रस्त्याकडे निघाल्या.

शहापूरच्या नाक्यावर मुरबाडकडची जीप भरायची थांबली होती. ड्रायव्हर, अनंता, गावातला नव्हता पण ओळखीचा होता. सकुबाईला त्याने पुढे, आपल्या शेजारी बसवलं.

"अजून चार शीट पायजेत," तो म्हणाला. "पाटबीट घेऊन कुठं? लगीन आहे का?"

"वाढप हाय," सकुबाई तुटकपणे म्हणाली.

नाक्यावर एक किराणा दुकान उघडलं होतं. त्यातच शाळेच्या वस्तू. दर्शना उतरून धावली.

"चित्रकलेचा कागद आहे?"

"आहे ना ताई. हा बघा, रंगपेटीसकट सेट. बारा रंग. स्केचपेन आहेत. चमकी आहे. बच्चा केवढा आहे?"

"बच्च्यासाठी नको. साधा कागद. खरखरीत."

दुकानदाराने पांढरे कागद काढले. तिने नख फिरवलं. नख घसरलं. दुसरा दाखवला, तो टिपकागदासारखा. हात फिरवला तर लव सुटेल असा. मागून अनंताने हॉर्न दिला. दर्शनाच्या छातीत हॉर्न वाजल्यासारखं झालं. नजर फळीवरून धावली. वह्या, कंपास, गोंद, आणि वर, बांबूसारखी उभी गुंडाळी.

"तो खाकी काढा."

"हे तर वह्यांच्या कव्हरचं आहे."

"काढा."

खाकी कागदाला एक बाजू चकचकीत असते आणि एक बाजू उदास. त्या उदास बाजूवर तिने नख ओढलं. नख अडलं. बारीक दाणा होता, कोळसा धरून ठेवेल असा. आणि रंग माणसाच्या कातडीच्या जवळचा. पांढऱ्या कागदावर सगळी सावली आपण घालावी लागते. इथे अर्धी सावली आधीच होती. म्हणजे कोळसा कमी लागेल. आणि आपल्याकडे तो कमीच आहे.

"आणि खडू द्या. पांढरा. एकच चालेल."

"एक? पेटी घ्या की."

पुन्हा हॉर्न. दुकानाशेजारी वड्याची गाडी होती. तिथून तिने एक पाव घेतला. कोळसा खोडायला रबर चालत नाही, तो काळं पसरवतो. पावाचा आतला मऊ गर मळून गोळी केली की ती कोळसा टिपून घेते.

"ताई, जीप निघाली!" कोणीतरी ओरडलं. ती अर्धी लोंबकळत चढली. पाव तिने पुढे सासूच्या पिशवीत टाकला, तेवढीच जागा होती.

किन्हवलीच्या वळणावर तिने कमरेची पुरचुंडी सोडून बघितली. अंगाच्या उबेने वरचा ओलावा गेला होता, पण कागदावर काडी घासली की अजून करकर. तिने ती गालावर टेकवली. गार लागली. ओठ आवळून तिने काड्या परत गुंडाळल्या.

पुढच्या सीटवरून हात मागे आला. वळलेला नव्हता चेहरा, फक्त हात. लिंपून लिंपून भेगाळलेला.

"दे इकडं."

"काय?"

"ते दे. इथं पत्रा तापलाय."

गिअरच्या दांड्याभोवतीचा पत्रा जुन्या जीपला तव्यासारखा तापतो. सकुबाईने लंगोट त्यावर उलगडला, काड्या एकीला एक न लागता मांडल्या, आणि राहीला मांडीवर आडवी धरून, हाताच्या आडोशाने वारा अडवत बसली.

"मावशी, काय वाळवताय?" अनंताने विचारलं.

"औषीद हाय."

"कशावर?"

"तू समोर बघ. गिअर हळू टाक, काडी मोडली तर बघ."

त्यानंतर अनंताने खरोखरच गिअर हळू टाकला. सकुबाई अधूनमधून एक-एक काडी उलटवत होती, भाकरी उलटवावी तशी. मागे बसलेल्या दर्शनाला तिची फक्त मान दिसत होती. रागावलेलीच होती ती मान. पण उलटवत होती.

शाळेत पोचल्या तेव्हा वर्गाचं दार लावायला घेतलं होतं. आत आठ-दहा जण बसलेले. कोणाकडे घडीचा लाकडी स्टँड, कोणाकडे चेनच्या पाकिटात ओळीने लावलेल्या पेन्सिली. शर्टाला पेन लावलेला एक पोरगा तिच्या पाटाकडे बघून शेजारच्याला हळूच काहीतरी बोलला. दर्शनाने पाट मांडीवर घेतला, खाकी कागद लावला, चिमटे दाबले. दारात मोठ्या बाई होत्या, शाळेच्या मुख्याध्यापिका.

"बाळ बाहेर. आणि मध्ये उठलात तर पुन्हा बसता येणार नाही. सगळ्यांना एकच नियम."

सकुबाईने राहीला घेतलं. दार लागलं.

समोर खुर्चीवर शाळेचे रखवालदार येऊन बसले. कोंडूकाका म्हणतात, असं कोणीतरी सांगितलं. गळ्यात मफलर, गाल आत गेलेले, एका बाजूने खिडकीचा उजेड. सोपा चेहरा नव्हता. काळं तर भरपूर मागणारा.

दर्शनाने पहिली काडी टेकवली. हलकी ओढली. उमटली! पण बोटभर गेल्यावर करकरली आणि कागदावर ओरखडा आला. आतून ओली होती अजून. दुसरी उमटली. तिसरी पकडतानाच मोडली. तिने उरलेल्या बघितल्या आणि ठरवलं, चाचपडायला एकही काडी घालवायची नाही. चेहरा आधी बरोबर बसवायचा, मगच कोळसा.

पण बसवायचा कशाने? पिशवीत हात घातला तर बोटांना सहा एच लागली.

त्या कडक, निरुपयोगी पेन्सिलीने खाकी कागदावर रेघ जवळजवळ दिसतच नव्हती. दिसत नव्हती म्हणूनच पाहिजे तितकी मारता येत होती. डोक्याचा गोल, कपाळाचा उतार, जबडा. जबडा चुकला. पुन्हा मारला. खोडायची गरज नव्हती. कोळशाखाली ते सगळं बुडणार होतं. एका ठिकाणी मात्र हात दाबला गेला आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालावर चर उमटला. तो आता कशानेच जाणार नव्हता.

आणि तेव्हा बाहेर राही रडायला लागली.

आईला आपल्या पोराचं रडणं नुसतं ऐकू येत नाही, ते अंगात शिरतं. दर्शनाच्या छातीत दूध दाटलं, ब्लाऊज ओला झाला. तिने पदर ओढून घेतला. हात थांबला. बाहेर सकुबाई गुणगुणत होती, मग गुणगुणणं थांबलं, रडणं वाढलं. कोंडूकाकांनी दाराकडे बघितलं. त्यांची मान हलली.

"हलू नका काका," सर म्हणाले. परीक्षा घेणारे, चष्मा कपाळावर सरकवलेले.

उठावं. उठून जावं. नोकरी काय, पुन्हा... पण पुन्हा नव्हतं. बरं म्हटलं होतं तिने. राही श्वास कोंडून रडत होती. उठायला तिने पाट मांडीवरून उचललाही.

रडणं थांबलं.

एकदम थांबलं. जास्तच भीती वाटली. मग खिडकीतून सासूचा आवाज आला, मुद्दाम मोठा, कुणाला तरी ऐकू जावा असा. "खा गो बाय, खा. पाव खा. तुझ्या आईला आत काम हाय."

खोडरबर गेला राहीच्या पोटात. दर्शनाला हसू आलं. तिने पाट परत मांडीवर टेकवला आणि कोरडी काडी उचलली.

खिडकीच्या विरुद्ध गालावर तिने काळं आडवं भरलं. मफलरच्या घडीत भरलं, कानामागे भरलं. कारवी मऊ होती, दाण्यात शिरत होती, पसरत होती. बोटाने चोळलं की धुकं व्हायचं. काड्या संपत आल्या तेव्हा उरलेलं सगळं काळं तिने डोळ्यांच्या खोबणीत घातलं. गालावरच्या चरात मात्र कोळसा शिरेना. तेवढी एक बारीक फिकी रेघ कपडा फाटल्यासारखी राहिली. ती झाकायला काही नव्हतं. खोडायलाही नव्हतं. शेवटी खडूने तिने कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर आणि खालच्या पापणीच्या काठाला उजेड ठेवला, आणि तो चर तसाच सोडून दिला.

सर सगळ्यांच्या मागून फिरत आले. तिच्यामागे थांबले. थांबले ते थांबलेच.

"हा कोळसा कुठला?"

"घरचा. कारवीचा."

"आमच्याकडची पोरं सगळी डोंगराकडची. कारवी त्यांच्या दाराशी असते." त्यांनी मोडकी काडी उचलून बोटांत फिरवली. "त्यांना जमेल करायला?"

"जमेल. फक्त डबा गरम असताना उघडायचा नाही. आणि..." ती अडखळली. "आणि घरच्यांना आधी सांगून ठेवायचं."

सर हसले. मग चरावर बोट ठेवून म्हणाले, "ही रेघ?"

"चूक आहे ती. कडक पेन्सिल दाबली गेली."

त्यांनी कोंडूकाकांकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, आणि पुढे गेले.

दुपारी सगळ्यांना ओसरीत बसवून मोठ्या बाईंनी एकेकाला आत बोलावलं. दर्शनाचा नंबर आला तेव्हा राही तिच्या मांडीवर पोट भरून झोपली होती, तोंडाला पावाचा चुरा. तिला तशीच घेऊन ती आत गेली. बाहेर आली तेव्हा सकुबाई उभी होती. बसलीच नव्हती बहुतेक.

"नाय झालं?" सासूने विचारलं. तिच्या आवाजात जिंकल्याचं काहीच नव्हतं. उलट, स्वतःचाच निकाल ऐकायचा असल्यासारखी ती दर्शनाच्या तोंडाकडे बघत होती.

"पूर्ण नाही झालं. त्या शर्टाला पेन लावलेल्या मुलाला पाच दिवस घेतलंय, वरच्या वर्गांना. मला दोन दिवस. लहान मुलांना. सोमवार आणि गुरुवार."

"दोन दिवस म्हंजे झालं का नाय झालं?"

दर्शनाने मान हलवली. झालं, अशी.

सकुबाईने पाट उचलून काखेत घेतला. "काळी झालीस तू," म्हणाली, "तोंड पूस," आणि जीपकडे चालायला लागली.

घरी आल्या तेव्हा गाय व्यायली नव्हती. दर्शना राहीला खाली ठेवून शेण आणायला गेली. बोलली होती, लिंपायला हवं. सकुबाईने तिच्या हातातली पाटी काढून घेतली.

"तू पोरीला बघ. तुला नाय जमायचं सरळ."

ऊन उतरेपर्यंत कूड लिंपून झाला. पंजाचे अर्धवर्तुळाकार ठसे एकापुढे एक, ओले, चमकणारे. संध्याकाळी स्वरूप आला, बातमी कळल्यावर दारातच बूट काढायचे विसरला, आणि गोठ्याच्या बाजूने हात धुवायला गेला तो ओरडला, "आई, इकडं कोपऱ्यात राहिलं गो लिंपायचं!"

"राहिलं नाय. ठेवलंय," सकुबाई चुलीजवळून म्हणाली.

दर्शनाने जाऊन बघितलं. गाईच्या बाजूने गोणपाट घट्ट बांधला होता, वारा आत जायला जागा नव्हती. बाहेरच्या बाजूने मात्र, दगडाच्या आडोशाला, हातभर कूड उघडाच होता. कारवीच्या काड्या माती खरवडून, पुसून, मोकळ्या उभ्या होत्या. ओढली की निघेल अशा.